संकेतस्थळ : पेढीची पत आणि पेढीची मालकी

पेढीची पत मालाच्या दर्जावर, दिलेल्या शब्दावर आणि चोख हिशेबावर उभी राहते. ती कमावण्यात दोन-दोन, तीन-तीन पिढ्या खर्ची पडतात. परंतु या पतीचा वावर बहुधा गावापुरता, बाजारपेठेपुरता आणि ओळखीच्या माणसांपुरता असतो. शंभर कोसांवरील अनोळखी ग्राहकाला तिची वार्ताही नसते. ती पत त्याच्यापर्यंत पोहोचविणारे आजचे साधन म्हणजे संकेतस्थळ, अर्थात वेबसाइट.

सांगलीच्या हळदीचे उदाहरण घ्यावे. या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि तिचे नाव दूरवर गेले. आता परप्रांतातील एखाद्या मसाला उत्पादकाला राजापुरी हळद हवी असेल, तर तो प्रथम मोबाइलवर शोध घेतो. कोणती प्रत मिळेल, किमान किती माल घ्यावा लागेल, प्रयोगशाळेचा तपासणी अहवाल आहे काय, पेढी किती वर्षांची आहे, जीएसटी क्रमांक कोणता, हे सारे त्याला दूरध्वनी करण्यापूर्वीच जाणून घ्यायचे असते. ज्या पेढीच्या संकेतस्थळावर ही उत्तरे स्पष्ट शब्दांत मिळतात, तिच्याकडे चौकशी येते. शेजारच्या पेढीचा माल कदाचित तितकाच उत्तम असेल. पण तिचे नावच त्या ग्राहकासमोर येत नाही.

यावर अनेक व्यापारी विचारतात, ‘व्हॉट्सअ‍ॅपवर आमचे ग्राहक आहेत, मोठ्या विक्री-मंचांवरही माल ठेवला आहे, मग वेगळे संकेतस्थळ कशासाठी?’ प्रश्न योग्य आहे. ही माध्यमे उपयोगी आहेत आणि ती सोडण्याचे कारण नाही. परंतु ती भाड्याच्या गाळ्यासारखी आहेत. तेथील नियम मालक ठरवितो, दलालीचा दर मालक वाढवितो, आणि आपल्या मालाशेजारीच प्रतिस्पर्ध्याचा स्वस्त माल मांडतो. ग्राहकाची नोंदही बहुतांशी मंचाच्याच वहीत राहते. उद्या काही कारणाने खाते बंद झाले, तर वर्षानुवर्षे जोडलेले ग्राहक एका दिवसात दुरावतात. स्वतःच्या संकेतस्थळावर आलेली चौकशी मात्र पेढीच्या वहीत जमा होते.

तथापि हा लाभ खरा ठरण्यासाठी संकेतस्थळ पेढीच्या मालकीचे असले पाहिजे, आणि नेमकी येथेच हयगय होते. संकेतस्थळाचा पत्ता, म्हणजे डोमेन नाव, विकत मिळत नाही. ते ठराविक मुदतीसाठी नोंदवावे लागते. ही मुदत एका वेळी एक वर्षापासून दहा वर्षांपर्यंत घेता येते. ‘.इन’ प्रमाणेच देवनागरीतील ‘.भारत’ हा पर्यायही २०१४ पासून उपलब्ध आहे. मुदतीत नूतनीकरण न झाल्यास काही काळाच्या सवलतीनंतर ते नाव कोणीही घेऊ शकतो. पुष्कळदा ही नोंदणी संकेतस्थळ बनवून देणारा तरुण स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या ईमेलवर करतो. पुढे त्याचा व्यवसाय बंद झाला वा त्याच्याशी वाद झाला, म्हणजे पेढीची पाटी दुसऱ्याच्या हाती असल्याचे ध्यानात येते. दुकानाचा दस्त आपण कंत्राटदाराच्या नावे करीत नाही. तोच विवेक येथेही हवा. नोंदणी पेढीच्या नावे, ईमेल पेढीचा, पासवर्ड मालकाच्या ताब्यात आणि नूतनीकरणाची तारीख विम्याच्या हप्त्याप्रमाणे वहीत लिहिलेली असावी.

डोमेन नावाला कायद्याच्या दृष्टीने मोल आहे. सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट सोल्युशन्स या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच स्पष्ट केले की, डोमेन नाव हा केवळ पत्ता नसून व्यापारचिन्हासारखेच त्याचे संरक्षण होऊ शकते. म्हणूनच भागीदारी करारात गाळा, गोदाम आणि नावलौकिक यांच्या जोडीने डोमेन नावाचाही उल्लेख असावा. बंधूंमध्ये वाटणी होताना मालमत्तेच्या यादीत हे नाव राहून गेले, तर एकाच नावाने येणारे ग्राहक कोणाचे, हा वाद पुढे नात्यांपर्यंत जातो. करारातील दोन ओळी तो टाळू शकतात.

संकेतस्थळावरून प्रत्यक्ष विक्री करावयाची असल्यास जबाबदारीही वाढते. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार विक्रेत्याने आपले कायदेशीर नाव, मुख्य कार्यालयाचा पत्ता, संपर्काची साधने आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचा तपशील दर्शविणे आवश्यक आहे. तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते आणि निवारण एका महिन्यात करावे लागते. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्याला परराज्यात माल विकता येत नाही. संकेतस्थळाला मात्र राज्याची सीमा नसते. तेव्हा परराज्यातील पहिली मागणी स्वीकारण्यापूर्वीच कर सल्लागाराशी बोलून योजना बदलावी की कसे, याचा निर्णय घ्यावा.

प्रारंभ लहान असला तरी चालतो. पेढीचा परिचय, मालाची यादी, मालाची व दुकानाची खरी छायाचित्रे, पत्ता, दूरध्वनी आणि कामाच्या वेळा, एवढी चार-पाच पाने पुरेशी आहेत. मजकूर मराठीत आणि परप्रांतीयांसाठी हिंदी किंवा इंग्रजीत असावा. मात्र तो ताजा हवा. मागील दिवाळीचे भाव आणि बंद झालेला दूरध्वनी क्रमांक दाखविणारे संकेतस्थळ नसण्याहून वाईट, कारण ते पेढीच्या शब्दालाच उणेपणा आणते. घरातील शिकलेल्या मुलाकडे किंवा सुनेकडे हे काम सोपवावे आणि महिन्यातून एकदा वडीलधाऱ्यांनी, रोजमेळ तपासावा त्याच बारकाईने, ते स्वतः वाचून पाहावे. जे दुकानात ग्राहकाच्या तोंडावर सांगता येणार नाही, ते संकेतस्थळावरही लिहू नये. एवढे पथ्य पाळले, तर पूर्वजांनी जोडलेली पत पुढील पिढीच्या हाती अधिक विस्तारलेल्या रूपात जाईल.