ऑपरेशन झाले, कागद जपा

"डॉक्टरांनी सगळं काढलं ना? मग आता केमोथेरपी कशाला?" जठराच्या कॅन्सरचे ऑपरेशन झालेल्या घरात हा प्रश्न निघतोच. त्याचे उत्तर पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमध्ये असते. आपण मात्र बिले जपतो अन् तो कागद हरवतो!

कॅन्सर जठराच्या भिंतीत किती खोल गेला आणि जवळच्या किती लसिकाग्रंथींत पोचला, यावर तो उलटण्याचा धोका मुख्यतः ठरतो. किमान १६ ग्रंथी तपासलेल्या असाव्यात; चार-पाचच तपासून 'ग्रंथी स्वच्छ' लिहिले असेल, तर त्यावर पुरता भरवसा नाही. भिंतीबाहेर आलेल्या कॅन्सरच्या पेशी पोटाच्या आतल्या अस्तरावर सांडू शकतात. सुरुवातीला त्या सोनोग्राफीतही दिसत नाहीत.

कोरिया, चीन व तैवानमधील दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्याच्या रुग्णांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. नुसत्या ऑपरेशननंतर तीन वर्षांनी शंभरातले ५९ जण आजार न उलटता राहिले होते. पुढे केमोथेरपी घेतलेल्यांत ७४.

आजार उलटला तर बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांतच. रोज बुडतो म्हणून त्या काळातली तपासणी टाळू नका. ऑपरेशननंतर वजन घटतेच. पण स्थिरावलेले वजन पुन्हा घसरले किंवा पोट फुगू लागले, तर तारखेची वाट न पाहता दवाखाना गाठा.