अफवा मराठीत, सूचना कानडीत

बेळगावजवळच्या कंग्राळीत माझं औषधाचं दुकान आहे. पावसाळा लागला की गिऱ्हाईक आधी मोबाईल पुढे करतं, चिठ्ठी मागाहून. "मालक, पपईच्या पानाच्या गोळ्या हाईत काय? प्लेटलेट दोन दिसात वाढतात म्हणे, ग्रुपवर आलंय." गल्लीतल्या काकू नातवासाठी आल्या होत्या. पोराचा ताप उतरला होता, पण पोट दुखत होतं, उलट्या थांबत नव्हत्या. डेंग्यूत खरा धोका ताप उतरतानाच असतो, हे त्या ग्रुपवर कुणी लिहिलं नव्हतं. मी गोळ्या दिल्या नाहीत. "काकू, आधी दवाखाना गाठा," म्हणालो. तापात अंग दुखतं म्हणून आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन मागणाऱ्यांनाही परत पाठवतो. डेंग्यू असेल तर या औषधांनी रक्तस्राव वाढू शकतो.

सप्टेंबर 2024 मध्ये कर्नाटक सरकारने डेंग्यू हा साथरोग म्हणून जाहीर केला. पण आमच्याकडे सरकारी पत्रकं येतात ती बहुतेक कानडीत. माझं कानडीशी भांडण नाही, दुकानात दोन्ही भाषा चालतात. पण ज्या आजीला कानडी वाचता येत नाही तिच्याकडे अफवा तेवढी घरच्या भाषेत येते. जिथे भाषिक अल्पसंख्याक 15 टक्क्यांवर आहेत तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे तर केंद्राचंच जुनं धोरण आहे.

अफवेची किंमत आमच्या जिल्ह्याने मोजली आहे. मार्च 2020 मध्ये कोंबडीतून कोरोना होतो असं पसरलं, भाव कोसळले आणि गोकाक तालुक्यात एका पोल्ट्रीवाल्याने सुमारे 6 हजार कोंबड्या जिवंत पुरल्या.

मात्र प्रत्येक भीती ही अफवा नसते. जानेवारी 2022 मध्ये रामदुर्ग तालुक्यात लसीकरणानंतर तीन बाळं दगावली. लशीच्या बाटल्या हॉटेलच्या फ्रिजमध्ये ठेवल्याचं प्राथमिक चौकशीत पुढे आलं. त्यानंतर एखादी आई दहा प्रश्न विचारते तेव्हा तिला अडाणी म्हणायचा हक्क कुणालाच नाही. दोष हाताळणीत होता, लस 2 ते 8 अंशांत कशी जपतात, हे बसून सांगितलं की आया ऐकतात. मी पाहिलंय. झाकपाक केली की मात्र पुढची खरी सूचनाही खोटी वाटते.

आरोग्य खात्याला आणि ग्रामपंचायतीला एवढीच विनंती: नळाला रोज पाणी नसल्याने घरोघरी पिंपं भरलेली असतात आणि डेंग्यूचा डास त्यातच वाढतो. आठवड्यातून एकदा पिंप घासून कोरडं करा, ताप उतरल्यावर पोट दुखलं तर थांबू नका, एवढं मराठीत छापून येत्या पावसाळ्याआधी आशाताईंच्या हाती द्या.