मुधोळचे कौतुक आणि पन्नास रुपयांचा दंड

पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी ऑगस्ट २०२० मध्ये ‘मन की बात’मधून देशी जातींची कुत्री पाळण्याचे आवाहन केले, तेव्हा त्यात मुधोळ हाउंडचे नाव अग्रभागी होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये गुजरातेतील एकतानगरच्या संचलनात सीमा सुरक्षा दलाच्या पथकातही हे श्वान दिसले. विदेशी जातींच्या हव्यासाला देशी पर्याय मिळत असेल, तर त्याचे स्वागतच करायला हवे. प्रश्न आहे तो संचलनात डौलदार दिसणारा हा प्राणी दोन खोल्यांच्या सदनिकेत कसा जगणार, हा.

महाराष्ट्रात ‘कारवान’ म्हणून ओळखला जाणारा हा कुत्रा दख्खनच्या माळरानावर घडला. बागलकोट जिल्ह्यातील मुधोळ संस्थानच्या घोरपडे घराण्याने त्याला आश्रय दिला आणि संस्थानचेच नाव त्याला चिकटले. लांब पाय, खोल छाती, निमुळते तोंड ही सारी रचना सशामागे धावण्यासाठीची. वासापेक्षा नजरेवर शिकार करणारी ही जात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये आला आणि शिकारीवर बंधने आली. कुत्र्याचे काम गेले. त्याचा स्वभाव मात्र गेला नाही.

शहरी पालकाची गफलत येथेच होते. रस्त्यापलीकडे मांजर पळताना दिसले, की हा कुत्रा मालकाची हाक ऐकेलच याची खात्री नसते. त्यामुळे रहदारीच्या रस्त्यावर पट्टा सोडणे म्हणजे अपघाताला निमंत्रण. दुसरीकडे, पट्ट्याला धरून इमारतीभोवती मारलेल्या दोन फेऱ्याही त्याला पुरत नाहीत. कुंपण असलेल्या मैदानात रोज मनसोक्त धावण्याची सोय हवी. ती झाली, तर हाच कुत्रा उरलेला दिवस घरात शांतपणे पडून राहतो. ती नसेल, तर घरातील उशा आणि चपलांवर राग निघतो आणि ‘कुत्रा वाईट निघाला’ असा ठपका बसतो.

देखभालीतही वेगळेपण आहे. त्याच्या थोड्या बरगड्या दिसणे हे उपासमारीचे लक्षण नव्हे. त्याला गुबगुबीत करणे हाच अपाय. कातडी पातळ असल्याने जखम लवकर होते, थंडीही बाधते. अशा सडपातळ हाउंड कुत्र्यांवर भुलीच्या काही औषधांचा अंमल जास्त वेळ राहू शकतो, म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी पशुवैद्यकांना जात आवर्जून सांगावी. परक्यांशी तो फटकून वागतो; त्याला लहानपणापासूनच माणसांची सवय लावावी लागते. रेबीजची लस आणि महापालिकेचा परवाना यांना तर पर्यायच नाही.

प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० मधील कलम ११ नुसार, सतत बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड मात्र १० ते ५० रुपये! एवढ्या दंडाचा धाक कोणाला वाटणार? कायदा दुबळा असताना जबाबदारी पिल्लू विकणाऱ्यावर आणि घेणाऱ्यावरच येते. ‘याला रोज धावायला जागा कोठे आहे?’ एवढा एक प्रश्न विक्रेत्याने विचारला आणि ग्राहकाने प्रामाणिकपणे उत्तर दिले, तरी पुष्कळ काही साधेल. ज्याच्यापाशी उत्तर नाही, त्याने देशी जातीचा अभिमान जरूर बाळगावा. पिल्लू मात्र घरी आणू नये.