घरीं कुत्रें आणावें काय?

वार्षिक परीक्षा आटोपून उन्हाळ्याची सुटी लागली, कीं मुलांच्या मागण्यांस ऊत येतो. कोणास सायकल हवी असते, कोणास पोहण्याच्या तलावाची वर्गणी. आणि कित्येक घरांत कुत्र्याच्या पिलाचा हट्ट सुरू होतो. याच विषयावर एका वाचकभगिनीचें पत्र आम्हांस आलें आहे. त्यांचें कुटुंब अकरा माणसांचें: सासूसासरे, दोघे भाऊ, त्यांच्या बायका व पांच मुलें. एकाच मजल्यावरचे शेजारशेजारचे दोन फ्लॅट जोडून सर्व मंडळी एकत्र राहतात. मुलांनीं चार महिने टुमणें लाविलें आहे. मामंजींची ना नाहीं. दोघे भाऊ राजी आहेत. मात्र सासूबाई रोज सोंवळ्यानें नैवेद्याचा स्वयंपाक करितात, तेव्हां त्यांची समजूत कशी घालावी, असा या भगिनीचा प्रश्न आहे. प्रश्न एका घरचा असला तरी अडचण अनेक घरांची आहे. म्हणून उत्तर येथें सविस्तर देत आहों.

प्रथम सासूबाईंविषयीं. सोंवळें म्हणजे केवळ खूळ, असें समजून हंसण्याची रीत पडली आहे. ती आम्हांस मान्य नाहीं. ज्या बाईनें जन्मभर एक शिस्त पाळली, तिच्या शिस्तीस घरांत जागा असलीच पाहिजे. तथापि कुत्रें आपल्या परंपरेस परकें आहे, असेंहि नाहीं. भोजनापूर्वीं काढावयाच्या बलींत श्वानाचा वांटा सांगितला आहे. श्रीदत्ताच्या पायांशीं चार श्वान असतात. ऋग्वेदांत इंद्राची सरमा आहे. आणि बरोबर आलेल्या कुत्र्यास टाकून स्वर्गांत पाऊल ठेवण्याचें धर्मराजानें नाकारिलें, ही महाप्रस्थानिक पर्वांतील कथा तर मुलांसहि ठाऊक असते. मात्र जुन्या वाड्यांत देवडी होती, अंगण होतें, मागील दार होतें. कुत्रें घरचें असे, पण घरांत नसे. आतां दारापासून देवघरापर्यंत जेमतेम पंधरा पावलें. म्हणजे हें भांडण धर्माचें नसून जागेचें आहे, आणि जागेच्या भांडणास तोड निघते. लहानपणापासून वळण लाविलें, तर स्वयंपाकघराचा व देवघराचा उंबरा ओलांडावयाचा नाहीं, इतकें कुत्र्यास निश्चित कळतें. अट एकच, कीं अकराहि माणसांनीं तोच नियम पाळला पाहिजे. दहा जणांनीं बाहेर घालविलें आणि अकराव्यानें ओट्याजवळ बसवून बिस्किट दिलें, कीं शिस्त संपली. तेथें दोष कुत्र्याचा नसतो.

आतां वर्षांचा हिशेब पाहूं. आठ आठवड्यांच्या आंत पिलास आईपासून तोडूं नये. घरीं आल्यावर पहिले कांहीं आठवडे त्यास दर दोन-तीन तासांनीं, रात्रींहि एक-दोनदां, बाहेर न्यावें लागतें. पुढें सकाळ-संध्याकाळ फिरविणें आलें, आषाढांतील पावसांतहि आलें. कुत्र्याचें आयुष्य साधारणतः दहा ते तेरा वर्षांचें. हट्ट धरणारा मुलगा आज दहा वर्षांचा असेल, तर कुत्र्याच्या म्हातारपणीं तो बावीस वर्षांचा होऊन शिक्षणासाठीं अथवा नोकरीसाठीं परगांवीं गेलेला असेल. मागणारा एक आणि निस्तरणारा दुसरा, हा या व्यवहारांतील मुख्य पेंच आहे. आणि एकत्र कुटुंबांत तो अधिकच बिकट होतो. चौघांचें काम कोणाचेंच नसतें, व जें कोणाचेंच नसतें तें अखेर घरांतील एका ठराविक बाईच्या वांट्यास येतें.

हें आम्ही पुस्तकांतून सांगत नाहीं. आमच्या घरीं मोती नांवाचा कुत्रा आला, त्या वेळीं मुलांनीं कागदावर वार वांटून घेऊन तो भिंतीस चिकटविला होता. एकानें फिरवावयाचें, एकानें जेवण घालावयाचें, एकानें आंघोळ घालावयाची. श्रावण सरेपर्यंत कागद भिंतीवर राहिला; मुलें मात्र पहांटे अंथरुणांत. नऊ माणसांचा स्वयंपाक उरकणाऱ्या आमच्या थोरल्या वहिनी साडेपांचला मोतीस घेऊन खालीं उतरूं लागल्या, आणि आम्हांपैकीं कोणासहि त्यांत विशेष कांहीं वाटलें नाहीं. पुढें त्यांच्या आई आजारी पडल्या म्हणून त्या तीन आठवडे माहेरीं गेल्या. मोती दोन दिवस दाराशीं पडून राहिला; जेवला नाहीं. तो किती खातो, कोणत्या भांड्यांत खातो, हें कोणासच नीट सांगतां येईना. लस टोंचण्याची तारीख उलटून गेली. तिचें कार्ड कोणत्या खणांत आहे, हें उरलेल्या आठ माणसांपैकीं एकासहि ठाऊक नव्हतें. वहिनी परत आल्यावर आम्हीं ओशाळून म्हटलें, ‘या कुत्र्यानें तुम्हांस फार त्रास दिला.’ त्या म्हणाल्या, ‘कुत्र्यानें कांहीं त्रास दिला नाहीं. त्याला आणतांना मला कोणीं विचारलें नाहीं, तें मात्र मनाला लागलें.’

मोती बारा वर्षें जगला. शेवटच्या वर्षीं त्याचे मागचे पाय गेले, तेव्हां त्यास उचलून जिन्याखालीं नेणाऱ्याहि वहिनीच होत्या. कागदावर ज्यांचीं नांवें होतीं, तीं मुलें तोंवर तीन निरनिराळ्या शहरांत होतीं.

शाकाहारी घरांत आहाराचा प्रश्न निघतोच. मांजराप्रमाणें कुत्र्यास मांस अनिवार्य नाहीं, हें खरें. परंतु पोळी आणि ताकभात घातला म्हणजे त्याचें पोषण झालें, ही समजूत चुकीची आहे. त्यास प्रथिनें पुरेशीं लागतात. शाकाहारावर ठेवावयाचें असल्यास पशुवैद्याकडून आहार ठरवून घ्यावा. कांदा, लसूण, द्राक्षें, मनुका, बेदाणे व चॉकलेट हे पदार्थ कुत्र्यास विषासारखे आहेत. प्रसादाच्या शिऱ्यांतला बेदाणा प्रेमानें भरविणारे आजोबा घरोघरीं असतात. त्यांस हें आधीं सांगून ठेवावें.

आरोग्याच्या बाबतींत हयगय उपयोगाची नाहीं. पिलू तीन महिन्यांचें झालें कीं रेबीजची लस टोंचावी, व पुढें पशुवैद्य सांगेल त्याप्रमाणें दरवर्षीं ती चालू ठेवावी. पुण्या-मुंबईसारख्या शहरांत महानगरपालिकेचा परवाना घ्यावा लागतो. कोणत्याहि कुत्र्यानें चावा घेतला अथवा दांताचा ओरखडा काढिला, तर जखमेस हळद-तिखट न लावितां ती वाहत्या पाण्याखालीं साबणानें पंधरा मिनिटें धुवावी व तत्काळ रुग्णालयांत जावें. रेबीजचीं लक्षणें एकदां दिसूं लागलीं, कीं माणूस बहुधा वांचत नाहीं; वेळेवर लस घेतली, तर हा रोग टळतो. वडील मंडळींच्या स्मरणांत पोटांत टोंचावयाचीं चौदा इंजेक्शनें असतात, म्हणून कित्येक जण भीतीनें टाळाटाळ करितात. तो काळ गेला. आतां मोजकींच इंजेक्शनें दंडांत देतात. तान्ह्या मुलाजवळ कुत्र्यास एकटें ठेवूं नये, मग तें कितीहि गरीब असो. घरांत कोणी कांठी टेंकून चालत असेल, तर उड्या मारणारें दांडगें कुत्रें नको. कोणास दम्याचा विकार असल्यास, कुत्रें असलेल्या एखाद्या परिचिताच्या घरीं त्यास दोन-चार वेळां कांहीं तास बसवून पाहावें, आणि मगच पुढील बोलणें करावें.

कोणतें कुत्रें घ्यावें, याचा निर्णय चित्रें पाहून करूं नये. बर्फाळ प्रदेशांतील दाट केसांच्या हस्कीस आपला वैशाख सोसत नाहीं. चपट्या नाकाच्या पगला उन्हाळ्यांत श्वास पुरत नाहीं. मुधोळ हाउंड, म्हणजेच कारवान, ही आपल्या शेजारची नांवाजलेली जात. २००५ सालीं भारतीय डाक विभागानें तिचें तिकीटहि काढिलें. परंतु ती धांवणारी, शिकारी जात आहे. तिला माळ पाहिजे, बाल्कनी नव्हे. आमच्या मतें आंखूड केसांचें, काटक गांवठी पिलूच पुष्कळ घरांस सोयीचें. सोसायटीनें कुत्र्यांवर सरसकट बंदी घालूं नये, असें भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत आहे. तथापि केवळ हक्कानें शेजारधर्म संभाळला जात नाहीं. जिना व रस्ता आपल्या कुत्र्यानें घाण केल्यास तो आपणच स्वच्छ करावा.

इतकें सर्व जमण्यासारखें वाटलें, तरी पिलू लगेच आणूं नये. एक महिना कुत्र्यावांचून कुत्रें पाळून पाहावें. मुलांनीं सकाळीं सहाला उठून अर्धा तास व संध्याकाळीं अर्धा तास चालून यावें, आणि दिनदर्शिकेवर खूण करावी. ज्यांनीं खर्चाची हमी घेतली आहे, त्यांनीं अन्न व औषध यांचे पैसे दर आठवड्यास डब्यांत टाकावे. गणपतीस सर्व मंडळी गांवीं जातात तेव्हां त्यास कोण संभाळणार, त्याचें नांव आजच ठरवावें. महिन्याअखेर दिनदर्शिका व डबा पुढें घेऊन सर्वांनीं बसावें. वाद करण्याची फारशी गरज उरणार नाहीं.

निर्णय ‘नको’ असा झाला, तर त्यांत कमीपणा नाहीं. न आणणें ही निर्दयता नव्हे. आणून सोडून देणें ही निर्दयता होय, आणि पाळलेल्या जनावरास उपाशी मरण्यासारख्या स्थितींत टाकणें हा १९६० च्या प्राणी-क्लेश प्रतिबंधक कायद्यान्वयें गुन्हाहि आहे. उलट, ‘हवें’ असें एकमतानें ठरलें, तर कुत्र्याइतका आनंद देणारा सोबती विरळा. दुपारच्या निवांत वेळीं म्हाताऱ्या माणसाच्या पायांशीं येऊन बसणारें दुसरें कोण असतें?

असो. पत्रलेखिका भगिनींस शेवटीं एकच सांगावयाचें आहे. आपलें चार पानी पत्र आम्हीं दोनदां वाचलें. त्यांत मुलांची इच्छा आहे, मामंजींचें मत आहे, दोघां भावांचा होकार आहे, सासूबाईंची अडचण आहे. आपणांस स्वतःस कुत्रें हवें आहे कीं नाहीं, याविषयीं मात्र एक ओळहि नाहीं; आपल्या जाऊबाईंविषयींहि नाहीं. सासूबाईंची समजूत कशी घालावी, असें आपण विचारितां. त्याआधीं घरांतील मंडळींनीं आपणां दोघींस विचारूं द्या. आणि आपलें उत्तर ‘नाहीं’ असेल, तर तें न संकोचतां द्या.