वैद्यकीचा विद्यार्थी आणि लॅपटॉप

वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळताच घरोघरी महागड्या लॅपटॉपची चर्चा सुरू होते. प्रसंगी कर्जही काढले जाते. आमच्या मते हा खर्च अनाठायी होय. शरीररचना शवविच्छेदनगृहात व रोगनिदान रुग्णाच्या खाटेपाशीच शिकावयाचे असते. यंत्रावर ग्रंथ वाचता यावेत, टिपणे ठेवता यावीत, एवढे पुरे. उजळणीचे 'अँकी' हे सॉफ्टवेअर विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्ही कार्यप्रणालींवर विनामूल्य चालते. विंडोज १० चा नियमित आधार मात्र १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तरी अशा जुन्या यंत्रावर लिनक्स घालून काम भागते. महाविद्यालयाची काही अट असल्यास ती आधी विचारावी. वडीलधाऱ्यांनी काटकसरीने साठविलेला पैसा ग्रंथांसाठी व स्टेथोस्कोपसाठी राखावा, एवढेच आमचे नम्र सांगणे.