आनंदाचीं प्रमाणपत्रें

आपल्या सुशिक्षित घरांतून आनंद नाहींसा होत चालला आहे, अशी तक्रार अलीकडे वारंवार कानीं येते. आणि तिच्यावर उपाय म्हणून आनंदानें कसें जगावें हें शिकविणारे वर्ग आणि शिबिरेंही निघालीं आहेत. तक्रार आम्हांस खरी वाटते. उपाय मात्र त्या रोगाचाच एक प्रकार वाटतो. ज्या वर्गाला आनंदासाठींही अभ्यासक्रम, शुल्क आणि प्रमाणपत्र लागतें, त्याचें काय हरपलें आहे हें त्याला कोणीतरी स्पष्ट शब्दांत सांगावयास हवें.

कोणत्याही मध्यमवर्गीय दिवाणखान्यांत जावें. मुलगी गाते आणि मुलगा चित्रें काढतो, असें आईबाप अभिमानानें सांगतात. ती काय गाते असें विचारलें, तर उत्तर मिळतें कीं तिची 'मध्यमा' झाली, आतां 'विशारद'ची तयारी चालू आहे. मुलाच्या चित्रांविषयीं विचारलें, तर 'एलिमेंटरी'ची श्रेणी कळते आणि 'इंटरमीजिएट' झाली कीं दहावीला जादा गुण मिळतात हेंही कळतें. गुण पदरांत पडले कीं रंगांची पेटी माळ्यावर जाते. मुलीला कोणता राग जिवाभावाचा वाटतो, हें त्या घरांत कोणाला ठाऊक नसतें. कारण तें कोणी विचारलेलेंच नसतें.

परीक्षांशीं आमचें वैर नाहीं. परीक्षा घेण्यांतच आमचें आयुष्य गेलें आहे. विष्णु दिगंबर पलुसकरांनीं १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिलें, तेव्हां गाणें हें घरंदाज माणसास न शोभणारें काम समजलें जाई. शाळा, क्रमिक पुस्तकें आणि परीक्षा यांच्या साहाय्यानें गाण्याला प्रतिष्ठित घरांचा उंबरठा ओलांडतां आला, हे त्या प्रयत्नांचे उपकार कोणीही नाकारूं नयेत. पण उंबरठा ओलांडण्यासाठीं जी पायरी बांधली, तिच्यावरच आपण बिऱ्हाड केलें. विद्यार्थ्याला विषय किती येतो हें उत्तरपत्रिकेवरून कळतें. तो विषय त्याच्या जगण्याचा भाग झाला कीं नाहीं, हें कोणत्याही परीक्षकाला आजवर कळलेलें नाहीं.

परंतु आमचा मुख्य आरोप मुलांच्या परीक्षांवर नसून मोठ्यांच्या मौनावर आहे. मुलांना वर्गांस पोंचविणारे वडील स्वतः गात नाहींत. आईनें लग्नानंतर कुंचला हातीं धरलेला नसतो. कारण विचारावें, तर ठराविक उत्तर येतें : 'आम्हांला कुठें तेवढें येतें?' जें उत्तम येत नाहीं तें करूंच नये, हा नियम आपल्या अंगीं इतका मुरला आहे कीं त्याला आपण विनय समजतों. वास्तविक तो विनय नव्हे; चार लोक काय म्हणतील या भयाचें तें सभ्य नांव आहे.

हें भय जात्यावर बसणाऱ्या बायांना नव्हतें. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांच्या प्रयत्नानें महाराष्ट्रांतील खेड्यापाड्यांतून लाखावर ओव्या गोळा झाल्या; त्या रचणाऱ्यांपैकीं कोणीही 'आपणांस येतें का' असें परीक्षकाला विचारलें नव्हतें. खानदेशच्या बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. त्यांच्या कवितांचें पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ सालीं निघालें. पुस्तकासाठीं त्यांनीं त्या रचल्या नव्हत्या. त्या कष्टांचें गुणगान आम्हांस करावयाचें नाहीं. जातें गेलें तें बरेंच झालें. पण जात्याबरोबर ओवीही गेली, आणि वांचलेल्या वेळांत आपण स्वतःचें म्हणून काय निर्माण केलें, याचा हिशेब कोणी देत नाहीं.

खेड्यांतील उदाहरणें नकोत, असें कोणी म्हणेल, तर पुण्याचे दिनकर केळकर घ्या. चष्म्यांचा व्यवसाय सांभाळून त्यांनीं 'अज्ञातवासी' या नांवानें कविता लिहिली, आणि दिवे, अडकित्ते, वाद्यें, कोरीव दारें अशा हजारों वस्तु जमविल्या. अकालीं गेलेल्या आपल्या मुलाचें नांव त्या संग्रहास देऊन १९७५ सालीं त्यांनीं तो शासनाच्या स्वाधीन केला. हें सारें करण्यास त्यांना कोणी नेमलें नव्हतें, आणि कोणतीही पदवी त्यासाठीं आड आली नाहीं.

परीक्षा नसेल तर शिस्त कोठून येणार, असा आक्षेप येईल. रियाज आणि परीक्षा या भिन्न गोष्टी आहेत, इतकेंच त्याचें उत्तर. ज्याला स्वराची ओढ लागली तो पहाटे आपण होऊन उठतो; ज्याला केवळ गुण हवे असतात तो निकालाच्या दुसऱ्या दिवशीं उशिरां उठतो.

म्हणून, आनंद शिकविणाऱ्या शिबिरांचें शुल्क भरण्यापूर्वीं घरांतील वडीलधाऱ्या मंडळींनीं एक करावें. मुलांच्या देखत बेसूर कां होईना, पण गावें. वेडेंवाकडें चित्र काढून तें भिंतीवर लावावें. ज्या घरांत मुलेंच तेवढीं गातात आणि मोठीं माणसें केवळ निकाल विचारतात, त्या घरांतील मुलें मोठीं झालीं कीं गाणें थांबवितील. कारण मोठें होणें म्हणजे गाणें थांबविणें, हाच धडा त्यांनीं आपल्यापाशीं गिरविलेला असेल.