पंथ सोडल्यानंतरचे आजारपण

इंग्लंडमधील बगब्रुक गावात नोएल स्टँटन यांनी १९६९मध्ये सुरू केलेल्या ‘जीझस फेलोशिप’मध्ये शेकडो जण सामुदायिक घरांत राहत, कमाई सामाईक तिजोरीत जाई आणि शब्द वडीलधाऱ्यांचा चाले. अशा ठिकाणाहून निघणाऱ्याचे घर, पैसा, मित्र एकदमच सुटतात. मग झोप उडते, छाती धडधडते. साधे बूट घेतानाही कुणाची तरी परवानगी हवीशी वाटते. हा शोकच आहे. ‘इतकी वर्षे राहिलातच कशाला?’ हा प्रश्न म्हणजे जखमेवर मीठ. डॉक्टरांनी झोपेची गोळी लिहिण्याआधी राहायला जागा आहे का, रात्री फोन करायला कुणी आहे का, हे विचारावे. २०१९मध्ये सभासदांनी हे चर्चच विसर्जित केले. पुढे भरपाई मागणाऱ्यांत तिथेच लहानाचे मोठे झालेलेही होते. त्यांना परतायला आधीचे आयुष्यच नव्हते.